खुर्चीतून आलेली माफी

ताईंच्या खोलीत खुर्च्या तीन आणि माणसं कायम दोनच. तिसरी, वेताची खुर्ची कुणासाठी, असं नवा आलेला प्रत्येक जण विचारायचा. ताई म्हणायच्या, "लागेल तेव्हा सांगते." बहुतेकांना ती कधी लागायचीच नाही. ते तिच्यावर आपली पिशवी ठेवायचे, छत्री टेकवायचे आणि मनसोक्त रडून झालं की दोन्ही उचलून घरी जायचे.

खोली चष्म्याच्या दुकानावर होती. मागच्या खिडकीतून छापखान्याची भिंत दिसायची आणि दुपारी यंत्राची धडधड ऐकू यायची. बाहेरच्या टेबलापाशी बसणारी मुलगी आल्यागेल्याला काका, मावशी, दादा करायची. ताईंना ते पटत नसे. समुपदेशनाच्या कामात कुणी कुणाचं काका-मावशी नसतं, नातं जोडलं की ऐकणाऱ्याचा कान बिघडतो, असं शिकताना त्यांच्या मनावर ठसवलं गेलं होतं. पण आपल्या बोलण्यात नातं लावल्याशिवाय दुसरं वाक्यच तोंडातून निघत नाही. खुद्द त्यांना सगळं जग ताई म्हणायचं. तो लढा त्यांनी केव्हाच सोडून दिला होता.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्या काकांना तिथे काकूंनी अक्षरशः ओढत आणलं होतं. अर्ध्या शहराला गाडी शिकवलेला माणूस तो. आवाज असा की शिकणारा क्लच सोडायच्या आधी धीर सोडायचा. आता तो आवाज कुठेतरी खोल गेला होता. जेवण दोन घासांवर आलं होतं, झोप नावाला होती, आणि सकाळी उठून ते दारात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसायचे. गाडी चालू करायची नाही, कुठे जायचं नाही, नुसतं बसायचं. शेजारच्यांनी आधी चेष्टा केली, मग काळजी केली, मग बघायचंच सोडून दिलं.

काकांची मुलगी गेली होती. आजारपणात. नाव काही का असेना, घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण लहानपणी ती एका जागी ठरायची नाही.

पहिले काही आठवडे काका तिच्याबद्दल सोडून सगळ्यांबद्दल बोलले. सरकारबद्दल बोलले, खड्ड्यांबद्दल बोलले, आरसा न बघता वळणाऱ्या लोकांबद्दल तर फारच बोलले. ताई ऐकत राहिल्या. मग एका दुपारी, कुणी न विचारता, गोष्ट बाहेर आली.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. एके दिवशी एक बाई गाडी शिकत होत्या, काका शेजारी होते, आणि भिंगरी मागच्या सीटवर. तेव्हा ती स्कूलचं ऑफिस सांभाळायची. वळणावर सायकलवाला समोर आला, बाई गांगरल्या, गाडी थांबेपर्यंत व्हायचं ते झालं. माणूस वाचला, पण त्याचा पाय कायमचा गेला.

"तो मध्येच आला," काका म्हणाले. "त्या बाईंनी स्टिअरिंग सोडून दिलं. मी काय करणार? पण चौकशीत आमच्या भिंगरीनं सांगितलं, बाबा फोनवर बोलत होते. ब्रेक उशिरा दाबला. सगळ्यांसमोर. स्वतःच्या बापाविरुद्ध."

लायसन्स काही काळ जप्त झालं, स्कूलचं शटर खाली आलं, आणि काकांनी मुलीला सांगितलं, माझ्या घरात साक्षीदार नको. ती त्याच आठवड्यात घर सोडून गेली. पुढे तिनं आपलं आपण लग्न केलं, एक मुलगी झाली, सगळं काकूंच्या फोनवरून कानावर येत राहिलं. मग आजारपण आलं. काकू म्हणाल्या, चला. काका म्हणाले, तिनं आधी फोन करावा. तिनं केला नाही. अगदी शेवटी काका हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच परत आले.

हे सांगताना काकांचा उजवा पाय फरशीवर एकसारखा दाबला जात होता. ताईंनी ते पाहिलं आणि ठरवलं, आता खुर्ची लागणार.

खुर्चीचं काम दिसायला पोरखेळ वाटतं. रिकाम्या खुर्चीत गेलेलं माणूस बसलंय असं धरायचं आणि मनात राहिलेलं त्याला सांगायचं. सांगून झालं की आपण उठून त्या खुर्चीत बसायचं आणि त्या माणसाच्या तोंडून स्वतःला उत्तर द्यायचं. भलेभले आधी हसतात आणि मग हुंदक्यांनी गदगदतात. नियम एकच, पण कडक. उत्तर द्यायला त्या खुर्चीत ज्याचं दुःख त्यानेच बसायचं, ऐकणाऱ्याने कधीही नाही. ताईंना हे त्यांच्या सरांनी शिकवलं होतं. सर म्हणायचे, गप्प बसणं हे आपलं निम्मं काम आहे, आणि उरलेलं निम्मं म्हणजे गप्प बसणं सहन करणं.

नेमकं हेच ताईंना त्या आठवड्यात जड जात होतं. जुनी येणारी एक बाई तडकाफडकी यायची बंद झाली होती. जाताना म्हणाली होती, "तुम्ही नुसतं ऐकता हो. नुसतं ऐकायला माझ्याकडे भिंती आहेत." ताईंना ते फार लागलं होतं. रात्री भांडी विसळताना, सकाळी केस विंचरताना, त्या मनातल्या मनात त्या बाईला उत्तरं देत होत्या.

"सांगा तिला," ताई काकांना म्हणाल्या.

काकांनी वेताच्या खुर्चीकडे बघितलं. "भिंगरे," ते म्हणाले, आणि थांबले. "भिंगरे, तो दिवस... त्या वळणावर... मी..."

पुढे काही येईना. छापखान्याची धडधड ऐकू येत राहिली. काकांची मान ताठ झाली, गळ्याची शीर तटतटली, पाय फरशीवर गच्च दाबलेला. ओठ हलायचे आणि मिटायचे. "मी," ते पुन्हा म्हणाले आणि पुन्हा गप्प झाले.

थांबायचं होतं. एवढंच करायचं होतं. ताईंनी शेकडो वेळा ते केलं होतं आणि दुसऱ्यांना शिकवलंही होतं. पण त्या दिवशी त्यांना वाटलं, हा माणूस बुडतोय आणि मी काठावर हाताची घडी घालून उभी आहे. त्या उठल्या, वेताच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे, बाबा. माझा राग केव्हाच गेला."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. तोंडातलं अर्धं वाक्य त्यांनी गिळून टाकलं, आणि मग ते असे रडले की बाहेरची मुलगी दार किलकिलं करून बघून गेली. पाय सैल पडला होता. जाताना त्यांनी ताईंना हात जोडले. त्या रात्री ते पोटभर जेवले, असं काकूंनी दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं.

ताईंचा जीव भांड्यात पडला. म्हणे, तुम्ही नुसतं ऐकता!

पुढच्या वेळी काका दाढी करून आले. इकडचं तिकडचं बोलायला त्यांना आता वेळ नव्हता. त्यांनी स्वतःच खुर्ची ओढून समोर घेतली आणि ताईंकडे अशा नजरेने बघितलं, की नाही म्हणायला दगडाचं काळीज हवं. ताई बसल्या. एकदाच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हे त्यांनी त्याच्या पुढच्या वेळीही बजावलं.

काकांना वेड लागलं नव्हतं. समोर कोण बसलंय ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. जिना उतरताना ते "येतो, ताई" म्हणायचे आणि पुढची वेळ विचारून घ्यायचे. पण खुर्चीत ताई बसल्या की त्यांचा आवाज मऊ व्हायचा, आणि ते डोळे मिटून घ्यायचे. मिटलेल्या डोळ्यांनी ते विचारायचे, तुला फार दुखत होतं का गं? ताई म्हणायच्या, नाही बाबा, शेवटी नाही. तुला माझी आठवण यायची? यायची, बाबा. रोज.

खोटं एकदा बोललं की त्याला खायला घालावं लागतं. काकू एकदा आभार मानायला आल्या, तेव्हा ताईंनी त्यांना बसवून घेतलं आणि बोलता बोलता भिंगरीबद्दल विचारलं. काकूंना तेवढंच हवं होतं. इतके दिवस घरात तिचं नाव काढायची चोरी होती. ती बापाची नक्कल कशी करायची, चिडली की "अहो इन्स्पेक्टरसाहेब" कशी म्हणायची, गाडीत पुढे बसायला मिळालं नाही की कशी रुसायची, सगळं त्यांनी भडाभडा सांगितलं. ताईंनी ते मन लावून ऐकलं. ऐकणं हे त्यांचं कामच होतं. फक्त या वेळी त्या चोरासारख्या ऐकत होत्या, आणि हे त्यांना कळत होतं.

पुढच्या आठवड्यात वेताच्या खुर्चीतून आवाज आला, "अहो इन्स्पेक्टरसाहेब, औषध वेळेवर घेता ना?"

काकांनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की ताईंना क्षणभर आपण फार मोठं काही केलंय असं वाटलं. काका कितीतरी वेळ नुसते हसत राहिले. मग हळूच त्यांनी विचारलं, "भिंगरे, एक विचारू? तेव्हा चौकशीत तू जे बोललीस... नंतर कधी वाईट वाटलं का तुला?"

आता इथे थांबायला जागा होती. ताईंना ती दिसली. पण समोरचा म्हातारा माणूस मान पुढे करून बसला होता, आणि एक होकार दिला की त्याचं घर पुन्हा घर होणार होतं. ताई म्हणाल्या, "हो बाबा. मी गप्प राहायला हवं होतं."

मेलेल्या मुलीच्या तोंडी हे घालताना त्यांचा आवाज जराही कापला नाही.

ताई अधूनमधून सरांकडे जायच्या. या धंद्यात कितीही मुरलात तरी कुणा जाणत्याकडून आपलं काम तपासून घ्यावं लागतं, नाहीतर माणूस स्वतःवरच खूष व्हायला लागतो. सर आता थकले होते. आयुष्यभर लोकांचं ऐकून एक कान संपला, असं ते स्वतःच सांगायचे आणि चांगला कान समोरच्याकडे करून बसायचे.

मागच्या खेपेला ताईंनी त्यांना नुसतं म्हटलं होतं, खुर्चीचं काम छान चाललंय. सरांनी विचारलं होतं, उत्तर द्यायला खुर्चीत कोण बसतं? ताई म्हणाल्या होत्या, तेच बसतात की. या खेपेला मात्र खोटं घशातच अडकलं आणि त्यांनी सगळं ओकून टाकलं.

सरांनी चांगला कान आणखी पुढे केला.

"सर, ते जेवतात आता," ताई म्हणाल्या. "झोपतात. बायकोशी बोलतात. माणूस बरा झाला ना? तो कसा झाला याचा एवढा बाऊ कशाला? डॉक्टर नुसती साखरेची गोळी देतात आणि पेशंटला बरं वाटतं, ते चालतंच ना?"

"गोळी कुणाच्या वतीने बोलत नाही गं," सर म्हणाले. "आणि तू त्यांना बरं नाही केलंस. गप्प केलंस. पहिल्या दिवशी ते काहीतरी सांगत होते. मी, मी करत होते. काय सांगणार होते ते?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न ताईंच्या मनात आलाच नव्हता. त्या धरून चालल्या होत्या की तो माणूस माफी मागत होता, आणि मागणाऱ्याला ती देऊन टाकली की झालं.

"तुला ते ऐकवलं नाही म्हणून तू माफ केलंस," सर म्हणाले. "आणि माफ करायचा हक्क तुझा नव्हता. जिचा होता ती बोलू शकत नाही, म्हणून तर जपून राहायचं. जा, सांग त्यांना. खुर्चीतून बोलत होते ती मीच, तुमच्या मुलीचं काय होतं ते मला माहीत नाही, असं सरळ सांग. चिडतील, जातील. जाऊ देत."

"आणि पुन्हा जेवण सोडलं तर?"

"तर तू तिथे असशील. या वेळी तुझ्या खुर्चीत."

ताई सांगायचं ठरवूनच खोलीत बसल्या होत्या. वाक्यंही जुळवली होती. पण काका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, आणि हातात रंगीत कागदात गुंडाळलेलं खेळणं.

"उद्या जावयाकडे जातोय," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "नातीला बघायला. ती झाल्यापासून एकदाही बघितली नाही मी तिला, माहितीये? कुठल्या तोंडानं जाणार होतो? पण आता कसं, भिंगरीनंच मोकळं केलंय म्हटल्यावर..."

"काका, मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"आल्यावर सांगा हो. आज नुसता कळवायला आलोय. तुमच्या पाया पडायला हवं खरं तर, पण तुम्ही मुलीच्या वयाच्या." आणि ते हसले. किती दिवसांनी तो जुना, शिकणाऱ्याची गाळण उडवणारा आवाज त्या खोलीत घुमला.

त्याच क्षणी दार अडवून उभं राहायला हवं होतं. ताई म्हणाल्या, "बरं, आल्यावर बोलू." वेळ मारून नेली. काकांच्या पावलांचा आवाज जिन्यावर विरेपर्यंत त्या ऐकत राहिल्या, आणि मग पुढच्या माणसाला आत बोलावलं.

त्यानंतरच्या वेळेला काका आले नाहीत. काकूंचा फोन आला.

काकू सोबत गेल्या होत्या, त्यामुळे त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. जावयाने दार उघडलं, बसा म्हणाला, पाणी दिलं. तोपर्यंत ठीक होतं. नात आतल्या खोलीत होती, तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. काकांना राहवेना. ते जावयाला म्हणाले, झालं गेलं विसरून जा, तिनं स्वतः कबूल केलंय, तिचंच चुकलं होतं, तिनं गप्प राहायला हवं होतं.

"जावई आधी घाबरलाच हो, ताई," काकू म्हणाल्या. "त्याला वाटलं, यांचं डोकं फिरलं. मग यांनी तुमचं सांगितलं, खुर्चीचं सांगितलं. त्यावर तो उठून उभा राहिला. म्हणाला, ती शेवटपर्यंत फोन उशाशी घेऊन झोपायची. मी म्हणायचो, तूच कर. ती म्हणायची, मी केला तर ते बाकी सगळं बोलतील, तेवढं बोलणार नाहीत. त्यांना एकदा म्हणू दे, ब्रेक मी उशिरा दाबला. भेटायला नको, रडायला नको, फोनवर म्हणाले तरी चालेल. एवढं एकच हवं होतं तिला."

फोनमध्ये काकूंचा श्वास ऐकू येत होता.

"मग म्हणाला, ती गेल्यावरही तुम्ही तिलाच खोटं पाडलंत. असा माणूस माझ्या मुलीला आजोबा म्हणून नको. आम्ही उठलो. पोर दारात येऊन बघत होती. खेळणं यांच्या हातातच राहिलं." आणि मग, जराही आवाज न चढवता, काकूंनी विचारलं, "ताई, मी तुम्हाला एवढं सगळं विश्वासानं सांगितलं, ते यासाठी होतं का?"

ताई काय म्हणाल्या ते त्यांना नंतर आठवेना. काहीतरी म्हणाल्या असतील. अशा वेळी म्हणायची वाक्यं त्यांच्याकडे भरपूर होती.

काका आले ते बऱ्याच दिवसांनी. वेळ न घेता आले. बाहेरच्या मुलीने विचारलं, काका, कसे आहात, तर तिच्याकडे न बघता आत आले आणि आपल्या नेहमीच्या जागी बसले. शर्ट खांद्यावर लोंबत होता, दाढीचे खुंट पांढरे झाले होते. काकांनी पुन्हा जेवण सोडलंय, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

ताई बोलायला लागणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"आधी मी," ते म्हणाले. "मला सांगू द्या. मध्ये बोलू नका."

ताईंनी मान हलवली.

"भांडायला नाही आलो. घरातून निघालो होतो ते भांडायलाच. पण तुमच्या तोंडाकडे बघितलं की मला तीच समोर बसलीय असं वाटतं. हीच तर सगळी पंचाईत आहे." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पहिल्या दिवशी मी सांगतच होतो हो. जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं कुणाला नाही सांगितलं, बायकोला नाही, चौकशीच्या साहेबाला नाही. त्या दिवशी येत होतं बाहेर. फक्त वेळ लागत होता. मला वेळ लागतो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, जाऊ दे बाबा. मला वाटलं, सुटलो. न सांगताच सुटलो. कुणाला नको असतं तसं?"

छापखाना त्या दिवशी बंद होता. खोलीत इतकी शांतता होती की खालच्या दुकानात चष्मा घालून अक्षरं वाचणाऱ्या कुणाचा तरी आवाज वर येत होता.

"जावयानं सांगितलं त्या दिवसापासून मी सांगायला बसतो तिला. गाडीत बसून सांगतो. म्हणतो, भिंगरे, ब्रेक मी..." काकांचा पाय फरशीवर दाबला गेला. "की लगेच आवाज येतो, जाऊ दे बाबा. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. आणि तो आवाज तिचा नसतो. तुमचा असतो. तिचा आठवायला जातो, अगदी लहानपणचा, इन्स्पेक्टरसाहेब म्हणायची तो, तर तेही तुमच्याच आवाजात येतं. ती चौकशीत बोलली होती ना, तो आवाज मी इतकी वर्षं विसरू शकलो नव्हतो. रोज ऐकायचो. राग यायचा, पण तिचा होता. तो आता येतच नाही. शोधला. नाही."

ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. सर म्हणाले होते तसं सगळं सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. चुकले, काका. मी तुमच्या मुलीला बोलू दिलं नाही आणि तुम्हालाही बोलू दिलं नाही. मला माफ करा. एवढं म्हटलं असतं तरी त्यांची छाती जरा हलकी झाली असती.

"काका," त्या म्हणाल्या.

काकांनी डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात कानांवर नेले.

"नको," ते म्हणाले. "पाया पडतो, तुम्ही बोलू नका. काहीच बोलू नका. तुमचा आवाज जितका कमी पडेल कानावर तितकं बरं. कदाचित येईल तिचा परत."

ते तसेच कान झाकून बसून राहिले. ओठ हलत होते. "भिंगरे," ते पुटपुटले, "ब्रेक..." आणि थांबले, ऐकत राहिले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा थांबले. मग त्यांनी मान हलवली, हात खाली घेतले आणि खुर्चीचा आधार घेत उठले. दाराशी क्षणभर घुटमळले, पण वळून बघितलं नाही. जिन्यात त्यांचं पाऊल एकेका पायरीवर अडखळत होतं. ताईंना धावत जाऊन हात द्यावासा वाटला, पण हात दिला तर तोंडानं "जपून" म्हणावं लागलं असतं.

बाहेरच्या मुलीने दारातून डोकं आत घातलं. पुढची बाई केव्हाची येऊन बसली होती, तिला पाठवू का, तिने विचारलं. ताईंनी तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं, एवढंच. पण स्वतःचा आवाज ऐकायची त्यांना भीती वाटली, आणि त्या मुलीकडे नुसत्या बघत राहिल्या.